वरची रेघ

पहिला दिवस : सातारा, यवतेश्वर, कास

भाचीला सुट्टी मिळाली ती गणपती उठल्यावर. ती जपानात पीएचडी करते. विषय विचारला की तिची आई, म्हणजे आमची ताई, "भूकंपाचं काहीतरी" एवढंच सांगते आणि चहा टाकायला उठते. मी निवृत्त भूगोल शिक्षक, म्हणजे घरात तिचं ऐकून घेणारा एकमेव माणूस. कासला फुलं आली होती. चार दिवसांसाठी गाडी ठरवली. ड्रायव्हर गोडोलीचा पोरगा, एकेकाळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा.

निघायच्या आदल्या रात्री तिला माझी जुनी टाचणवही सापडली. तीत एक आकृती होती, एक प्लेट दुसरीच्या खाली जाते ती. पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याला पुस्तकात 'भूपट्ट' म्हणतात, पण पोरांना प्लेट म्हटलं की लवकर कळतं. खाली जाणारी प्लेट मी झोकात वाकवली होती, लाल रंग दिला होता, तीन बाण काढले होते.

"मामा, ही वरची रेघ तुम्ही पट्टी लावून काढलीय."

"सरळच आहे ती. जाते ती खालची."

"खालची जाते, पण हाल वरचीचे होतात. ती सरळ राहतच नाही."

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनीसुद्धा नाही. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. तरीपण वही पिशवीत टाकली. फूटपट्टीही टाकली, प्लॅस्टिकची, तीस सेंटिमीटरची.

यवतेश्वरच्या घाटात तिनं तीनदा गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं काळ्या बसाल्टच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, निवला, मध्ये बराच काळ गेला, वर माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती माती भाजून काढली. हे मी पोरांना दाखवलेलं होतं. तिनं मात्र वेगळंच बोट ठेवलं. "बघा ना, सगळं आडवं पडलंय. उतरंडीसारखं एकावर एक. कुणी दाबलंय, मुडपलंय, असं कुठं दिसत नाही. मी रोज जे दगड बघते ते चुरगाळलेल्या कागदासारखे असतात."

पुढं धुकं. कासला पोचलो तेव्हा दहा पावलांपलीकडं काही दिसेना. ऑनलाइन बुकिंग करून धुकं बघायचं, असा तो प्रकार. अर्ध्या तासानं पडदा सरकला आणि जांभ्याच्या सड्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. फुलांवर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी भर घालत नाही.

खरा कार्यक्रम झाला परतीच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर. बाहेर भुरभुर, आत बाकावर आम्ही तिघं, मध्ये कंदी पेढ्यांचा पुडा. तिनं पट्टी बाकावर ठेवली, एक टोक टाचणवहीखाली दाबलं आणि मला वहीवर हात ठेवून बसायला सांगितलं. "ही वरची प्लेट. हे मोकळं टोक समुद्राकडचं, गर्तेपाशी, म्हणजे खालची प्लेट जिथं बुडायला लागते त्या खोल चरापाशी. खालून स्लॅब सरकतोय."

"स्लॅब?" ड्रायव्हर मागं वळला. त्याच्या घराचं काम चालू आहे, स्लॅबचा विषय त्याच्या जिव्हाळ्याचा.

"खाली गेलेल्या प्लेटला स्लॅबच म्हणतात."

"आमच्यात स्लॅब वर असतो, मॅडम."

"तिकडं खाली. आणि तो टाकायला लागत नाही, स्वतःच्याच वजनानं जातो."

सरकताना तो गुळगुळीत सरकत नाही, असं तिनं सांगितलं. वरची आणि खालची प्लेट काही ठिकाणी एकमेकींना धरून बसतात. मग खालची निघाली की वरचीचं टोक सोबत ओढलं जातं. तिनं बोटानं पट्टीचं टोक खाली आणि आत दाबलं. टोक गेलं खाली आणि मधला भाग वर फुगला. आता तिनं पेढ्याचा एक कण टोकावर ठेवला आणि एक फुगवट्यावर. "शंभर-दोनशे वर्षं असंच धरून ठेवायचं. किनाऱ्यावरच्या माणसाला काही कळत नाही. जीपीएसला कळतं." आणि बोट सोडलं.

टोकावरचा पेढा उडून ड्रायव्हरच्या चहात. फुगवट्यावरचा जागच्या जागी खाली बसला.

"टोक उसळलं ती त्सुनामी. मागचं बसलं ते गाव."

११ मार्च २०११ ला जपानात हेच झालं. ओशिका द्वीपकल्पावरचा एक जीपीएस खांब ५.३ मीटर पूर्वेला सरकला आणि १.२ मीटर खाली बसला. त्याआधी कित्येक वर्षं तोच किनारा वर्षाला काही सेंटिमीटर पश्चिमेकडं दाबला जात होता. जपाननं देशभर असे तेराशेच्या आसपास खांब रोवलेत, वरच्या प्लेटची नाडी बघायला. ही पोरगी दिवसभर त्याच आकड्यांत असते.

आणि मला एकदम सिप्पीघाट आठवला. २००९ साली आम्ही अंदमानला गेलो होतो. पोर्ट ब्लेअरच्या जवळ सिप्पीघाटला गाडीवाल्यानं दाखवलं होतं, खाऱ्या पाण्यात उभी वाळलेली झाडं, बुडालेली भातखाचरं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर भरतीचं पाणी आत आलं ते कायमचं. मला तेव्हा वाटलं, त्सुनामीचं पाणी साठून राहिलं असेल. बायकोनं विचारलं होतं, "पाच वर्षं कसं साठंल?" उत्तर नव्हतं, म्हणून मी फोटो काढत बसलो होतो. आता कळलं. जमीनच मीटरभर खाली बसली होती. त्याच वेळी उत्तर अंदमानात पोवळ्यांचे खडक पाण्याबाहेर आले होते. एकाच पट्टीवरचे दोन पेढे. आणि तिथं खाली जाणारी प्लेट कुठली, तर आपली. भारत खाली, अंदमान वर.

ड्रायव्हरनं पेढा पडलेला चहा आवडीनं प्याला.

दुसरा दिवस : ठोसेघर, चाळकेवाडी, पाटण

ठोसेघरला पाणी भरपूर, माणसं त्याहून भरपूर. लवकर निघालो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, ओरडावं लागतं. तिनं ओरडूनच सांगितलं की बोलिव्हिया-पेरूकडं अँडीज पर्वतात असंच सपाट पठार आहे, पण ३८०० मीटरवर. तिथं तळं आहे, टिटिकाका, त्यात बोटी चालतात. आपलं पठार लाव्ह्याची थप्पी लागून झालं. ते मात्र दाबून झालं. पश्चिमेकडून समुद्राची प्लेट खाली सरकते आणि वरचं खंड त्या धक्क्यानं आखडत जातं. आखडलेलं जाणार कुठं? जाडीत. जमिनीचं कवच तिथं सत्तर किलोमीटरपर्यंत जाड झालंय, साध्या खंडाच्या जवळजवळ दुप्पट.

मला एक अडचण होती आणि ती मी उंब्रजला जेवताना बोलून दाखवली. पट्टी तर सोडली की सरळ होते. फुगवटा गेला. मग डोंगर कुठून येणार?

तिनं "चांगला प्रश्न" असं म्हटलं, आणि मास्तरला विद्यार्थी म्हणून शाबासकी मिळाली की जे होतं ते मला झालं. पण उत्तर तिनं नाही दिलं, गाडीनं दिलं. आम्ही जेवत असताना ऊन चांगलं कडक पडलं होतं. पट्टी पुढच्या काचेपाशी, तिच्या बॅगेखाली अर्धी अडकून वाकलेली. जेवून आलो तर काचेखाली तवा झालेला. बॅग उचलली तरी पट्टी वाकडी ती वाकडीच. दाबून बघितली, पुस्तकात घालून बघितली. टोकापासून चार बोटांवर बाक राहिला तो राहिलाच.

"झाला तुमचा अँडीज," ती म्हणाली.

म्हणजे असं. दर भूकंपाला वरची प्लेट बहुतेक सगळं परत सोडते, पण सगळं नाही. थोडासा बाक मागं उरतो, कुठं भेग पडून थर एकावर एक चढतात. वर जमीन तापलेली, ज्वालामुखींमुळं मऊ झालेली असेल तर बाक जास्त उरतो. असं कोट्यवधी वर्षं चाललं की त्याला पर्वत म्हणायचं. पट्टी आठ रुपयांची होती, पण मला तिची खंत आहे. चौदा वर्षं वापरली होती.

मल्हारपेठेकडं जाताना ती पुढं बोलत राहिली. सगळीकडं दाबणंच होतं असं नाही. पॅसिफिक महासागरातल्या मरियाना बेटांपाशी उलटं आहे. तिथं खाली जाणारी प्लेट फार जुनी, थंड आणि जड. ती तिरकी सरकण्याऐवजी धबकन खाली बुडते, आणि जिथून वाकते ती जागा मागं मागं, समुद्राकडं हटत जाते. मग वरच्या प्लेटला दाब राहत नाही, ती ताणली जाते, फाटते, आणि फाटीत नवा समुद्र तयार होतो.

हे मला एसटीवरनं पटलं. तिघांच्या सीटवर मधे बसलेला माणूस. खिडकीकडचा रेटत असला तर हा आखडतो, खांदे वर येतात. कडेचा उतरला की हा पसरतो. मधल्याच्या अंगात बदल काहीच नाही, बदल शेजाऱ्याच्या वागण्यात. जपान देश एके काळी आशियाला चिकटलेला होता. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी त्याच्या मागची जमीन अशीच ताणून फाटली आणि जपानचा समुद्र झाला. आज तोच जपान पुन्हा दाबला जातोय. कडेचा माणूस परत चढला म्हणायचा.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडला. कधी स्लॅब नीट खाली न जाता वरच्या प्लेटच्या पोटाला घासत जवळजवळ आडवाच आत जातो. चिली आणि अर्जेंटिनाच्या मध्ये एका पट्ट्यात असं आहे. तिथं ज्वालामुखी विझलेत, कारण स्लॅब साधारण शंभर किलोमीटर खोल गेला की त्यातून निघणारं पाणी वरच्या तप्त खडकाला वितळवतं. आडव्या स्लॅबवर तसा तप्त खडक उरतच नाही. पण सुरकुत्या मात्र गर्तेपासून सहाशे-सातशे किलोमीटर आत पडल्यात. म्हणजे सातारला रेटलं आणि घडी पडली नागपूरला.

पाटणला मुक्काम. गीझर चालू असल्याचं सांगितलं होतं. तो चालू होता, पाणी गार होतं.

तिसरा दिवस : कोयनानगर

हा रस्ता मला गप्प करतो.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी सात वर्षांचा होतो. आमचं मातीचं घर, पाटणपासून फार लांब नाही. आधी आवाज आला, दगडांनी भरलेला ट्रक लाकडी पुलावरून जावा तसा, पण पायाखालून. मग मांडणीवरची भांडी एकदम खाली. आजीनं मला कडेला धरून उंबऱ्याबाहेर फेकलंच जवळजवळ. म्हैस दावं तोडून अंगणात उभी होती, थरथरत. उजाडेपर्यंत कुणी आत गेलं नाही. कोयनानगरची बातमी दुपारी आली. दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरचे कितीतरी दिवस आम्ही खोपीत झोपलो आणि मला ते आवडलंही होतं. आज ते आठवलं की लाज वाटते.

नेहरू उद्यानातून धरणाची भिंत दिसते. १०३ मीटर उंच. त्या पहाटे तिलाही तडे गेले होते, पण ती उभी राहिली. पलीकडं शिवसागर जलाशय, काठोकाठ. ड्रायव्हरनं सरळ विचारलं, "मॅडम, इथं पण खाली स्लॅब आहे का?"

नाही. इथं प्लेटची कडच नाही, आपण प्लेटच्या मध्यात आहोत. इथली जमीन उभी उसळली नाही, एका जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. धरणात पाणी साठायला लागलं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. ते भेगांमध्ये मुरलं, तिथली पकड सैल झाली, वर पाण्याचं वजन. जलाशयामुळं झालेल्या भूकंपांत जगातला सगळ्यात मोठा म्हणून हाच सांगतात, ६.३ चा. पण पाण्यानं फक्त खटका ओढला. बंदूक आधीच भरलेली होती.

"कुणी भरली?"

तिनं उत्तरेकडं हात केला. भारताची प्लेट वर्षाला चार-पाच सेंटिमीटरनं उत्तरेला रेटतेय आणि हिमालयापाशी तिबेटखाली शिरतेय. रेटताना तिच्या सगळ्या अंगात ताण भरतो, पार इथपर्यंत.

म्हणजे माझ्या आकृतीत लाल रंगानं वाकवलेली, तीन बाण काढलेली प्लेट, ती आपण आहोत. आपण खालचे. मी तीस वर्षं आपलीच प्लेट रंगवत होतो आणि मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण धरणाकडं बघताना ते जसं अंगावर आलं तसं फळ्यासमोर कधी आलं नव्हतं.

"आणि वरचीचे हाल?" मी विचारलं.

"नेपाळ." २५ एप्रिल २०१५ चा भूकंप. काठमांडूचं खोरं जवळपास मीटरभर वर उचललं गेलं, आणि त्याच्या उत्तरेचा उंच हिमालय काही भागात अर्ध्या मीटरहून जास्त खाली बसला. टोक उसळलं, मागचं बसलं. पट्टी तीच, पेढे तेच. फक्त इथं समुद्र नाही, म्हणून लाट नाही.

बागेत शाळेची सहल आली होती. एक बाई पोरांना धरणाची साठवण सांगत होत्या, १०५ टीएमसी. एका पोरानं विचारलं, "बाई, टीएमसी म्हंजे?" बाईंनी सांगितलं, नीट सांगितलं. मी उगीचच टाळी वाजवणार होतो.

संध्याकाळी गावात एका ओळखीच्या घरी गेलो. नव्वदीला आलेल्या आजी. भाचीनं त्यांना विचारलं, अजून हादरे जाणवतात का. "येत्यात की," आजी म्हणाल्या, "आता भांडी खालीच ठेवतो." मांडणी रिकामी होती, तिच्यावर फक्त देवाचा फोटो आणि टीव्हीचा रिमोट.

चौथा दिवस : कराड

ओगलेवाडीवरून गेलो. इथल्या काचकारखान्याचे प्रभाकर कंदील आमच्या खोपीत टांगलेले असायचे. जवळच हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. आत जायची परवानगी काढली नव्हती, बाहेरूनच बघितली. कोयनेच्या परिसरात गोठणे गावाजवळ त्यांनी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत बसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. मध्ये गाळ नाही, वाळू नाही.

प्रीतिसंगमावर बसलो. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात, मग दोघी काटकोनात वळून निघून जातात. वडापाव घेतले. तिनं टाचणवहीचं एक कोरं पान फाडलं आणि आडवं धरलं. "आता प्रमाणात काढू. एक सेंटिमीटरला पन्नास किलोमीटर."

डावीकडं सातारा. उजवीकडं पार कडेला तिबेट. आपल्या पायाखालचं कवच, पस्तीस-चाळीस किलोमीटर, पाऊण सेंटिमीटरला आलं. कोयनेचे बहुतेक सगळे भूकंप वरच्या दोन मिलिमीटरमध्ये. गोठण्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरला थोडं जास्त.

"आणि टेथिस?" मी विचारलं. एवढं मला येत होतं. भारत आणि आशियाच्या मध्ये पूर्वी टेथिस समुद्र होता. पन्नास-एक दशलक्ष वर्षांपूर्वी दोघं भिडण्याआधी त्या समुद्राचा तळ आशियाखाली गेला. तेव्हा तिबेटची दक्षिण कड आजच्या अँडीजसारखी होती, ज्वालामुखींची रांग. भारत पोचायच्या आधीच वरची रेघ वाकायला लागली होती.

"तो तळ कुठंय सांगू?" तिनं पेन्सिल कागदाच्या खालच्या कडेला नेली. "इथं. आपल्याखाली."

भूकंपाच्या लहरींनी पृथ्वीचा स्कॅन काढतात, दवाखान्यात काढतात तसा. १९९९ साली त्यात दिसलं की टेथिसचे बुडालेले स्लॅब भारताच्या खाली आहेत, साधारण हजार ते दोन हजार किलोमीटर खोल. ते बुडाले तेव्हा वर आशिया होता. ते खाली खाली जात राहिले आणि भारत त्यांच्यावरून उत्तरेला निघून गेला.

"बरोबर साताऱ्याखाली?"

"मामा, गट नंबर नका विचारू."

आणि बुडालेला स्लॅब गप्प पडत नाही. जाताना तो वरचा सगळा तप्त खडक ओढून घेतो आणि पृष्ठभाग खोलगट होतो. डायनोसॉरांच्या काळात उत्तर अमेरिकेच्या मधोमध, उत्तर ध्रुवाकडून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत समुद्र शिरला होता, त्याला खालच्या स्लॅबचं ओढणंही कारण होतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्व कमी आहे आणि समुद्राची पातळी हिशेबापेक्षा १०६ मीटर खाली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी २०२३ साली त्याचं गणित मांडलं, त्यातही हेच टेथिसचे स्लॅब. या स्लॅबांनी खोलवरचा तप्त, हलका खडक ढवळला आणि तो वर आला, म्हणून तिथलं गुरुत्व कमी.

हे सगळं काढायला कागद पुरेना. पान एकवीस सेंटिमीटर, स्लॅब वीसपासून चाळीसपर्यंत. वरचं टोक कागदावर आलं, बाकीचा स्लॅब तिनं खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काढला, वड्याच्या तेलाचा डाग चुकवत.

मग पेन्सिल माझ्याकडं दिली. "वरची रेघ तुम्ही काढा."

सातारा सोपा. महाबळेश्वर धरलं तरी एक सेंटिमीटरला पन्नास किलोमीटरमध्ये काही दिसायचं नाही. मी डावीकडून निघालो, हात थरथरू दिला नाही, गंगेच्या मैदानापर्यंत आलो. पुढं तिबेट. पाच किलोमीटर उंची, म्हणजे एक मिलिमीटर. तेवढंच वर चढायचं होतं. आणि पेन्सिलीची रेघच मिलिमीटरभर जाड येत होती, हिमालय तिच्यातच बुडाला असता.

"टोक करायला लागंल, सर," ड्रायव्हर म्हणाला.

शार्पनर तिघांकडंही नव्हता. तो उठला आणि वडेवाल्याकडून कांदा कापायची सुरी घेऊन आला.